अडलंय कुठे? : ‘चालत नाही’ म्हणजे नेमकं काय

या वेळचा पत्रांचा गठ्ठा चाळताना लक्षात आलं, की तांत्रिक प्रश्न थोडेच आहेत. तांत्रिक प्रश्न विचारताना किंवा सोडवताना माणसांशी झालेल्या चकमकी मात्र पुष्कळ. म्हणून या अंकात यंत्रांबद्दल कमी आणि बोलण्याबद्दल जास्त. मी बावीस वर्षं तांत्रिक मदतीच्या टेबलावर बसले. आधी कानाला फोन लावून, मग चॅटच्या चौकटीत. समोरच्याचा पडदा न बघता त्याचं यंत्र दुरुस्त करायचं, हाच माझा पेशा होता. तेव्हा पुढे जे लिहिलंय ते शहाणपणानं कमी आणि ठेचा खाऊन जास्त सुचलेलं आहे.

प्रश्न : एका ऑनलाइन गटावर मी लिहिलं, ‘अर्जंट मदत हवी! प्रिंटर चालत नाही. सगळं करून बघितलं.’ दोन दिवसांत कितीतरी जणांनी वाचलं, उत्तर एकाचंही नाही. एकानं नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं. लोक इतके माणूसघाणे कधीपासून झाले?
— एक त्रासलेला वाचक

उत्तर : झालेले नाहीत. तुमच्या संदेशात त्यांना धरायला काही सापडलं नाही, एवढंच.

‘चालत नाही’ हे दोन शब्द मी किती वेळा ऐकले असतील देव जाणे, आणि दर वेळी त्यांच्यामागून वेगळीच गोष्ट निघाली. प्रिंटरचा दिवाच लागत नाही, ही एक. दिवा लागतो, पण कॉम्प्युटर त्याला ‘ऑफलाइन’ म्हणतो, ही दुसरी. यात बऱ्याचदा राउटर बंद-चालू झाल्यावर प्रिंटरला नवा आयपी पत्ता मिळालेला असतो आणि कॉम्प्युटर बिचारा जुन्याच दारावर थापा मारत बसलेला असतो. कधी कागद बाहेर येतो, पण कोरा. म्हणजे शाईची तोंडं वाळलेली असतात, नाहीतर नव्या टोनरची सीलपट्टी ओढायची राहिलेली असते. कधी पानंच्या पानं अगम्य चिन्हांनी भरून येतात, तेव्हा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला शिकवणारं सॉफ्टवेअर, दुसऱ्याच मॉडेलचा असण्याचा संशय घ्यावा. आणि कधी परवाचं एक काम रांगेत अडकलेलं असतं आणि त्याच्यामागे सगळी वरात तुंबलेली असते. दुखणी पाच, औषधं पाच, तक्रार मात्र एकच. वाचणाऱ्यानं पाचही औषधं लिहून द्यावीत, अशी तुमची अपेक्षा असेल, तर तितका वेळ असलेला माणूस मला अजून भेटायचाय.

शिवाय ‘सगळं करून बघितलं’. यातलं ‘सगळं’ म्हणजे काय? माझ्या अनुभवात ते बहुधा ‘दोनदा बंद-चालू केला आणि एकदा थापट मारली’ इतकंच असतं. असू दे, त्यात लाज नाही. पण तसं लिहा.

तुमचाच संदेश मी असा लिहिला असता : ‘लेझर प्रिंटर, वायफायवर, मॉडेल अमुक. कॉम्प्युटर विंडोज ११. काल संध्याकाळपर्यंत छापत होता. रात्री राउटर बदलला. आज छापायला दिलं, की काम रांगेत दिसतं आणि पुढे “ऑफलाइन” येतं. प्रिंटरचा हिरवा दिवा स्थिर आहे. प्रिंटर आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद-चालू केले, फरक नाही. फोनवरून मात्र त्याच प्रिंटरवर छापता येतं.’

यात एकही निदान नाही, नुसतं दिसलेलं आहे. तरी जाणकाराचं निम्मं काम झालं. शेवटच्या वाक्यानं तर प्रिंटर, टोनर, कागद, वायफाय असे सगळे आरोपी सुटले आणि संशय एकट्या कॉम्प्युटरवर आला. ‘रात्री राउटर बदलला’ हे वाक्य लोक हमखास गाळतात, कारण त्यांच्या मते राउटरचा आणि छपाईचा संबंध नसतो. फोनवर मी विचारायची, ‘काही बदललं होतं का?’ उत्तर ठरलेलं, ‘छे, काहीच नाही.’ मग मी विचारायला लागले, ‘बंद पडायच्या आदल्या दिवशी काय काय केलंत?’ आणि गोष्टी भराभरा बाहेर पडू लागल्या. स्वतःला असाच प्रश्न विचारा.

मला एक जुनी नोंद फार आवडते. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डमध्ये मार्क २ या अवाढव्य गणनयंत्राची चाचणी चालू असताना त्याच्या एका रिलेत, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचमध्ये, पतंग सापडला. उडवायचा नव्हे, दिव्याभोवती घिरट्या घालतो तो. चालवणाऱ्यांनी वहीत लिहिलं : वेळ १५:४५, रिले क्रमांक ७०, पॅनेल एफ, रिलेमध्ये पतंग. आणि तो पतंग चिकटपट्टीनं त्याच पानावर चिकटवून टाकला. खाली शेरा : खराखुरा बग सापडल्याची पहिली घटना. ‘बग’ हा शब्द तिथंच जन्मला असं सांगतात, ते खरं नाही. एडिसननं १८७८ च्या एका पत्रात यंत्रातल्या खोटीला हाच शब्द वापरलाय. शब्द आधीपासून रुळला होता, म्हणून तर तो विनोद झाला. ती वही आता स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. लोकांना त्यातला विनोद आठवतो. मला दिसतं ते असं, की वेळ लिहिली, जागा लिहिली, पुरावा जोडला. ‘यंत्र चालत नाही, अर्जंट’ असं कुणी लिहिलं नाही.

‘अर्जंट’वरून आठवलं. तो शब्द काढा आणि खरी मुदत लिहा. ‘उद्या सकाळी दहाला ही बारा पानं छापून द्यायचीत’ असं वाचलं, की कुणीतरी म्हणेल, ‘मग आधी पीडीएफ करून फोनवरूनच छापून घ्या, दुरुस्तीचं नंतर बघू.’ नुसत्या ‘अर्जंट’ला हे सुचत नाही.

प्रश्न : ‘नमस्कार, एक विचारू का?’ असं लिहून मी थांबते. उत्तर आलं तरच पुढचं लिहिते. हे सभ्यपणाचंच आहे ना?
— एक वाचक

उत्तर : समोरासमोर आहे. चॅटवर मात्र समोरचा ‘विचारा’ म्हणतो, तोवर तुम्ही कामाला लागलेल्या असता. तुम्ही परत येता, तोवर तो झोपलेला असतो. नमस्कार करा, आणि त्याच संदेशात विचारून मोकळ्या व्हा.

प्रश्न : काही चूक आली, की मी मोबाइलनं पडद्याचा फोटो काढून टाकतो. परवा एक गृहस्थ म्हणाले, ‘फोटो नको, मजकूर द्या.’ फोटोत सगळं स्वच्छ दिसत असताना हा उपद्व्याप कशासाठी?
— एक वाचक

उत्तर : गृहस्थ बरोबर आहेत. फोटोतला मजकूर त्यांना उचलून शोधयंत्रात टाकता येत नाही. ते बघून बघून टाइप करणार आणि एक अंक चुकणार. विंडोजचा एक संकेतांक आहे ०एक्स८००७०००५, म्हणजे परवानगी नाकारली. दुसरा आहे ०एक्स८००७००७०, म्हणजे डिस्कवर जागा उरली नाही. फरक काय तो शेवटच्या दोन अंकांत. पण पहिल्यात हक्क तपासायचे आणि दुसऱ्यात कचरा काढायचा. असा ‘ध’चा ‘मा’ व्हायला आनंदीबाई लागत नाही, डोळ्यांवरचा चष्मा विसरला तरी पुरतं. शिवाय मदत करणारांत दृष्टिहीन माणसंही असतात. त्यांचं वाचक-सॉफ्टवेअर मजकूर बोलून दाखवतं, फोटोपुढे बऱ्याचदा हात टेकतं.

म्हणून तुम्हीही टाइप करू नका, कॉपी करा. विंडोजच्या साध्या सूचनाचौकटीतला मजकूर माउसनं निवडता येत नाही, म्हणून लोक हताश होतात. चौकट समोर असताना नुसतं कंट्रोल आणि सी दाबा. शीर्षक, मजकूर, बटणांची नावं, सगळं कॉपी होतं. हे मला कामाला लागल्यावर आठ वर्षांनी कळलं. कुणाला सांगू नका.

आणि शब्द तसेच्या तसे द्या, सारांश नको. ‘साइट उघडत नाही’ या तुमच्या भाषांतरात तीन निराळ्या कहाण्या गडप होतात. ४०४ आलं असेल, तर सर्व्हर भेटला, ते पान तिथं नव्हतं. ५०३ असेल, तर सर्व्हर आहे, पण सध्या त्याला जमत नाही, थोड्या वेळानं या. आणि ‘सर्व्हरचा पत्ता सापडला नाही’ असं असेल, तर तुम्ही अजून दारापर्यंतच पोचलेला नाही. पहिल्यात पत्ता तपासा, दुसऱ्यात चहा प्या, तिसऱ्यात स्वतःचं इंटरनेट बघा.

फोटोला मी सरसकट नको म्हणत नाही. काही दुखणी दिसण्याचीच असतात. अक्षरं एकमेकांवर चढलीत, बटण कोपऱ्यात अर्धं कापलं गेलंय, हे शब्दांत सांगत बसू नये. एक गमतीचा अपवाद तर मोबाइलच्या फोटोच्याच बाजूनं आहे. पडद्यावर आडव्या रेषा येत असतील, तर आधी स्क्रीनशॉट घ्या आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. स्क्रीनशॉट म्हणजे कॉम्प्युटरनं पडद्याकडे काय पाठवलं त्याची प्रत. रेषा त्यात नसतील, तर दोष बहुधा पडद्यात किंवा केबलमध्ये आहे. मग त्या रेषा दाखवायला मोबाइलच लागेल.

टाकण्याआधी चित्रात आणखी काय काय आलंय ते मात्र नीट बघा. पासवर्ड, ईमेलचा पत्ता, शेजारच्या टॅबचं नाव. झाकायचं असेल, तर धूसर करू नका, ठार काळा चौकोन ओढा. धूसर अक्षरं कधीकधी ओळखता येतात. कापून काढलं म्हणजे गेलं, असंही समजू नका. २०२३ मध्ये असं उघड झालं होतं, की काही फोनमधल्या चित्र कापण्याच्या सोयीत कापलेला भाग फाइलमध्येच मागे राहत होता आणि तो पुन्हा उभा करता येत होता. चुकून पासवर्ड गेलाच, तर संदेश पुसण्यात वेळ घालवू नका, आधी पासवर्ड बदला. पुसेपर्यंत तो किती जणांकडे पोचला असेल, कोण जाणे.

प्रश्न : माझ्याकडे मे महिन्याच्या नोंदींची एक सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) आली. एक्सेलमध्ये उघडली, तर तारखांमधले दिवस आणि महिने उलटे झालेले. मी सरळ विचारलं, ‘तारखेतला दिवस आणि महिना अदलाबदल करणारा फॉर्म्युला द्या.’ तिघांनी एकच विचारलं, ‘पण कशाला?’ मी माझं काम यांना का सांगावं? फॉर्म्युला माहीत असेल तर द्यावा, नसेल तर गप्प बसावं.
— एक स्पष्टवक्ता वाचक

उत्तर : स्पष्टवक्तेपणा मलाही आवडतो, म्हणून स्पष्टच सांगते. त्या तिघांनी तुमची फाइल वाचवली.

झालं काय असणार? तुमच्या फाइलमध्ये आधी दिवस, मग महिना आहे. तुमचा कॉम्प्युटर आधी महिना वाचायच्या सवयीचा आहे. ०४/०५ म्हणजे तुमच्या लेखी ४ मे, त्याच्या लेखी ५ एप्रिल. एक्सेल तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेला एक आकडा म्हणून साठवतं. त्यानं मुकाट्यानं ५ एप्रिलचा आकडा साठवला, चूक झाली म्हणून सांगितलंही नाही. पण १७/०५ आल्यावर काय करणार? सतरावा महिना नसतो. मग त्यानं तारीख समजण्याचा नाद सोडला आणि तो नुसता मजकूर म्हणून ठेवून दिला.

आता मे महिना मोजा. १ ते १२ या बारा दिवसांपैकी ११ तारखा उलट्या झाल्या. ५ मे तेवढी वाचली, कारण तिचा दिवस आणि महिना सारखाच. १३ ते ३१ या १९ तारखा मुळात तारखाच राहिल्या नाहीत. स्तंभाकडे नीट बघा. एरवी काही बदललं नसेल, तर बिघडलेल्या तारखा उजवीकडे सरकून बसलेल्या दिसतील आणि मजकूर झालेल्या डावीकडे. तुम्ही मागितलेला फॉर्म्युला ११ ठिकाणी चालला असता आणि १९ ठिकाणी त्यानं हात वर केले असते. मग तुम्ही त्या १९ साठी दुसरा फॉर्म्युला मागितला असता, आणि कुणी भला माणूस तोही देता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. खरा उपाय फॉर्म्युला नाहीच. फाइलवर दोनदा टिचकी मारून ती उघडू नका. एक्सेलच्या डेटा विभागातून आत आणा आणि आणताना त्या स्तंभाला सांगा, की क्रम दिवस-महिना-वर्ष असा आहे. फॉर्म्युलाची गरजच उरणार नाही.

आपण सगळेच असं करतो. अडचण येते, तिच्यावरचा उपाय आपणच मनात ठरवतो, त्या उपायातली एक पायरी अडते आणि आपण तेवढ्या पायरीबद्दल विचारतो. मूळ अडचण आपल्याजवळच राहते. तेव्हा दोन्ही लिहा. ‘मला या नोंदी तारखेप्रमाणे लावायच्यात, तारखा उलट्या आल्यात, म्हणून अदलाबदलीचा फॉर्म्युला शोधतोय.’ एका वाक्याचा प्रश्न.

त्या तिघांना मात्र माझं एक सांगणं आहे. आपल्या भाषेत ‘कशाला?’ हा प्रश्न कमी आणि टोमणा जास्त असतो. ‘मूळ फाइल आत येतानाच गडबड झाली असेल, तर फॉर्म्युलानं ती वाढेल, म्हणून विचारतो, फाइल आली कुठून?’ असं लिहिलं असतं, तर आमचे स्पष्टवक्ते इतके तापले नसते.

प्रश्न : मी निवृत्त आहे आणि हौसेनं ऑनलाइन लोकांना कॉम्प्युटरच्या अडचणींत मदत करतो. पण पायऱ्या लिहून दिल्या, की लोक म्हणतात, ‘केलं, नाही झालं.’ खोदून विचारलं, की कळतं, केलंच नव्हतं. आता माझी सहनशक्ती संपत चाललीय.
— एक मदतनीस

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझी पहिली पाच वर्षं आठवली. मीही तेव्हा उंटावरून शेळ्या हाकायची, आणि शेळ्या ऐकत नाहीत म्हणून शेळ्यांवरच चिडायची.

एक गोष्ट सांगते, आजही आठवली की पोटात खड्डा पडतो. एका बाईंच्या कॉम्प्युटरवर जागा संपली होती. मी चॅटवर लिहिलं, ‘टेम्प फोल्डरमधलं सगळं उडवा, काही होत नाही.’ माझ्या डोळ्यांसमोर विंडोजचा तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर होता. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या डेस्कटॉपवरचा होता. नाव तेच, ‘टेम्प’. त्यात त्यांच्या प्रबंधाचे कच्चे खर्डे होते. त्यांनी सगळं उडवलं, वर आज्ञाधारकपणे कचरापेटीही रिकामी केली. मग लिहिलं, ‘केलं.’ मी लिहिलं, ‘छान.’ दोन दिवसांनी त्यांचा संदेश आला. त्यात एकही कडवट शब्द नव्हता, तेच जास्त लागलं. त्यातले थोडे खर्डे त्यांच्या मैत्रिणीच्या ईमेलमध्ये सापडले, बाकीचे गेले ते गेलेच.

त्या दिवसापासून मी दोन सवयी लावून घेतल्या. फोल्डरचं नुसतं नाव नाही, पूर्ण मार्ग द्यायचा. आणि काहीही पुसायला सांगण्याआधी म्हणायचं, ‘तिथं दिसणाऱ्या पहिल्या पाच फाइलींची नावं मला लिहून पाठवा.’ पाच नावांत कळतं, आपण एकाच खोलीत उभे आहोत की नाही.

तुमच्या ‘केलं’चंही तेच आहे. ‘झालं का?’ विचारलं, की माणूस ‘हो’ म्हणतो. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या मते त्यानं केलेलं असतं. त्याऐवजी विचारा, ‘आता पडद्यावर काय दिसतंय?’ याला ‘हो’ हे उत्तरच होऊ शकत नाही. पायरी लिहितानाही तिच्या शेवटी काय दिसायला हवं ते लिहा : ‘निळी खिडकी उघडेल, वर डावीकडे चार टॅब असतील.’ त्याला निळी खिडकी दिसली नाही, तर तो तिथंच थांबेल. नाहीतर तो पहिल्या पायरीला चुकून सातव्यापर्यंत इमानदारीनं जातो.

फोनवरच्या जुन्या लोकांनी मला एक युक्ती शिकवली होती. ‘केबल नीट बसलीय ना?’ असं विचारलं, की माणूस दुखावतो आणि न बघता ‘अर्थातच’ म्हणतो. त्यापेक्षा सांगायचं, ‘केबल दोन्ही बाजूंनी काढा आणि टोकं उलटी करून लावा.’ तो टेबलाखाली शिरतो, थोडा वेळ शांतता, आणि मग लाजलेला आवाज येतो, ‘अहो, चालू झालं.’ आपण टोकं का उलटी करायला सांगितली, हे तो विचारत नाही. आपणही बोलायचं नाही.

एका वेळी एकच पायरी द्या, असं सगळे सांगतात. दोघंही चॅटवर समोरासमोर असाल, तेव्हा ते ठीक. पण तुमचं उत्तर त्याला दुसऱ्या दिवशी दिसणार असेल, तर सात पायऱ्यांना आठवडा जाईल. तिथं फाटे द्या : ‘दिवा हिरवा असेल तर हे करा, लाल असेल तर ते, लागतच नसेल तर काही न करता मला कळवा.’

आणि ‘फक्त’ हा शब्द तुमच्या लिहिण्यातून हद्दपार करा. ‘फक्त ड्रायव्हर बदला.’ तुम्हाला फक्त, त्याला अख्खी दुपार. वर ती जमली नाही, की आपण बावळट, असं त्याला वाटतं. आणि बावळट वाटलेला माणूस दुसरं काय म्हणणार? ‘केलं, नाही झालं’ असंच.

प्रश्न : मला इंग्रजी वाचता येतं, पण लिहिताना हात थरथरतो. परदेशी लोकांना प्रश्न विचारताना चुका झाल्या तर हसतील, या भीतीनं मी विचारतच नाही.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : व्याकरणाला कुणी हसत नाही. उत्तर देणाऱ्यांतल्या पुष्कळांचीही ती मातृभाषा नसते. छोटी वाक्यं लिही. एका वाक्यात एकच गोष्ट. जे केलंस ते, जे दिसलं ते, जे दिसायला हवं होतं ते. चूक झाल्याचा संदेश तर यंत्रानंच इंग्रजीत लिहून दिलेला असतो, तो कॉपी कर. तुझं यंत्र मराठीत असेल, तर तात्पुरतं इंग्रजी करून तोच संदेश पुन्हा आण, शोधायला फार सोपं जातं.

एका शब्दाची मात्र काळजी घे. आपल्याकडे न समजलेलं विचारायचं असेल तरी ‘शंका’ आणि भरवसा नसेल तरी ‘शंका’. म्हणून आपण बेधडक लिहितो, ‘आय हॅव अ डाउट’. पलीकडच्याला ते दुसऱ्या अर्थानं लागतं, आपण त्याच्या बोलण्यावर संशय घेतोय असं. ‘क्वेश्चन’ लिही. वेळ सांगताना ‘आज सकाळी’ म्हणू नकोस, तुझ्या सकाळी त्याची मध्यरात्र असू शकते. तारीख लिहिताना महिना अक्षरात लिही. का, ते वरच्या स्पष्टवक्त्यांना विचार.

प्रश्न : कुणी काही विचारलं, की मी ते चॅटजीपीटीला विचारून त्याचं उत्तर चिकटवतो. लोकांचा वेळ वाचतो. तरी एकानं मला झापलं.
— एक वाचक

उत्तर : तुम्ही ते करून बघितलं होतं का? नसेल, तर तुम्ही मदत केली नाही, निरोप पोचवला. विचारणाऱ्याला हवं असतं तर त्यानं स्वतःच विचारलं असतं. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळानं डिसेंबर २०२२ मध्येच अशा उत्तरांवर बंदी घातली. कारण साधं होतं, ती दिसायला बिनचूक असत आणि फार वेळा चुकीची निघत. स्वतःच्या यंत्रावर करून बघा, चाललं तर ‘माझ्याकडे अमुक आवृत्तीवर चाललं’ असं लिहून द्या. उत्तर कुठून आणलं, तेही सांगून टाका. मग कोणी झापणार नाही. निदान मी तरी नाही.

प्रश्न : माझा लॅपटॉप झाकण लावून उघडला, की आवाज बंद व्हायचा. तीन आठवडे छळ चालला होता. तुम्हाला विचारावं म्हणून सगळं नीट लिहायला घेतलं : कधीपासून, काय बदललं, काय काय करून बघितलं, हेडफोन लावले तर काय होतं. तिसऱ्या परिच्छेदाला आले आणि लिहिता लिहिताच एकदम डोक्यात प्रकाश पडला! करून बघितलं, सुटलं! आता प्रश्न उरला नाही, पण आभार मानायला पत्र पाठवतेय.
— एक आनंदी वाचक

उत्तर : अभिनंदन. पण बाई, तुम्ही केलंत काय? पत्र मी तीनदा उलटंसुलटं करून बघितलं, पाकिटातही बघितलं. माझा लॅपटॉप गेल्या मंगळवारपासून हेच करतोय.